पाच दिवसांचा चौक

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याला म्हणतो, "मेन चौकात सोडा." रिक्षावाला मान वळवून बघतो. "मेन म्हंजे कुठला वो? मारुती मंदिर, जयस्तंभ, गोखले नाका, का लक्ष्मी चौक?" पाहुणा बुचकळ्यात पडतो. त्याच्या डोक्यात एक चित्र असतं: गावाच्या मधोमध मोकळी फरसबंद जागा, मधे कारंजं नाहीतर मनोरा, भोवती जुन्या इमारती. असा चौक या शहरात नाही. पाहुण्यांची ही फजिती मी बऱ्याचदा पाहिली आहे आणि खरं सांगायचं तर दरवेळी मला थोडी गंमतच वाटते. कारण रत्नागिरीला चौक आहे, चांगला नांदता आहे. फक्त तो वर्षातले पाच दिवसच असतो. बाकीचे तीनशेसाठ दिवस लोक त्याच्या कडेनं स्कूटर घालून निघून जातात.

आधी या गावातली नावं नुसती मोठ्यानं म्हणून बघा. राम आळी, टिळक आळी, तेली आळी, खालची आळी. घुडेवठार, चवंडेवठार, खडपेवठार. धनजी नाका, माळनाका, जेल नाका. गाडीतळ. गावाबाहेर पडलात तर हातखंबा तिठा. आळी म्हणजे घरांची ओळ. वठार म्हणजे वस्तीचा तुकडा. नाका म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून जकात घेता येईल अशी मोक्याची जागा, आणि गाडीतळ म्हणजे बैलगाड्या सोडायची. तिठा हा तीन रस्त्यांचा सांधा; घाटावरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, कोकणातल्या पोराला तो चालायला लागल्यापासून माहीत असतो. या सगळ्यांत चार सारख्या बाजूंची मोकळी जागा कुठेच नाही.

चार रस्त्यांच्या जागेला आपल्याकडे 'चव्हाटा' असा एक फर्मास शब्द आहे. आता तो फक्त भांडणापुरता उरलाय. घरातलं चव्हाट्यावर आणू नये, असं आपण म्हणतो. कोकणात मात्र चव्हाट्याचा देव आहे. सिंधुदुर्गात श्री देव चव्हाट्याची देवळं आहेत. जिथं वाटा फुटतात तिथं कुणीतरी राखणदार हवा, हे त्यामागचं साधं शहाणपण असावं. म्हणजे सार्वजनिक जागेची जाण इथं नव्हती असं नाही. मग फरसबंद चौक का नाही झाला?

उत्तर पायाखाली आहे. रत्नागिरी जांभ्यावर बसलेली आहे. वर सपाट, उघडा, काळपट लाल सडा, मग उतार, उताराच्या पायथ्याला माडांची दाटी आणि जुनी वस्ती, त्याखाली मांडवीचा किनारा आणि काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. जून ते सप्टेंबर इथं तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळतो. एवढं पाणी सड्यावर पडतं आणि एप्रिलात त्याच सड्यावर चिमणीच्या चोचीपुरतंही सापडत नाही. जांभा हा भोकाभोकांचा दगड. वरून पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि खाली उताराच्या पायथ्याशी झऱ्या-विहिरींतून परत देतो. वर सपाटी आहे तिथं पाणी नाही, खाली पाणी आहे तिथं सपाटी नाही. माणसं पाण्यामागं गेली. उताराच्या कडेकडेनं घरं लागत गेली, त्यांची ओळ झाली, ओळीची आळी. हे गाव कागदावर कुणी आखलं नाही. पाणी जसं पाझरलं तसं ते वसलं.

जांभा खाणीतून निघताना बघावा. जमिनीतला ओला जांभा इतका मऊ असतो की पूर्वी तो हत्यारानं हातानं तासून काढत. आता चिरेखाणीत गोल पात्याचं यंत्र फिरतं आणि लाल धुरळ्यात चिऱ्यांच्या रांगाच्या रांगा सुटतात. चिरा बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की तो हळूहळू टणक होत जातो. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही; हवाच त्याला भाजते. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात अंगाडीपुरमजवळ हा दगड असाच विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्या लोकांनी त्याच्या जांभळट रंगावर नजर ठेवली, साहेबानं उपयोगावर.

इथं एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. त्याच्या बापानं, मिंडोन राजानं, १८५७ साली मंडालेची पायाभरणी केली. तटबंदीचा नेमका चौरस, एकेक बाजू सुमारे दोन किलोमीटर, भोवती खंदक, प्रत्येक बाजूला तीन अशा बारा वेशी आणि बरोबर मध्यभागी राजवाडा. आशियातल्या सगळ्यांत काटेकोर चौकांपैकी एकाच्या मध्यबिंदूवर बसलेला हा राजा इंग्रजांनी उचलला आणि १८८६ साली आणून ठेवला तो अशा गावात, जिथं एक आळी सरळ असेल तर शपथ. तो तीस वर्षं इथं राहिला. १९१० साली त्याच्यासाठी बांधून झालेला राजवाडा आजही आपण पाहुण्यांना दाखवतो. १९१६च्या डिसेंबरात तो इथंच वारला. उंचावरच्या त्या वाड्यातून खालचं गाव बघताना त्याला काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात येतो. शिमग्याचे ढोल मात्र त्यानं ऐकले असणारच. ते ऐकू येऊ नयेत अशी सोय कुठल्याच राजवाड्यात नसते.

तर शिमगा.

रत्नागिरीचं ग्रामदैवत म्हणजे खालच्या आळीतला श्री देव भैरी, बारा वाड्यांचा राजा. एरवी आपण देवळात जायचं आणि देवानं जागेवर बसायचं. फाल्गुन पौर्णिमेला मध्यरात्री हा नियम उलटा होतो. देव पालखीत बसून बाहेर पडतो आणि गावाकडे जातो. रात्रभर ग्रामप्रदक्षिणा चालते. मग पालखी झाडगावच्या सहाणेवर येऊन बसते आणि रंगपंचमीपर्यंत तिथंच मुक्काम करते. पौर्णिमेपासून पंचमी: पाच दिवस. या पाच दिवसांत रत्नागिरीचा मुख्य चौक कुठला, हे कुणाला विचारावं लागत नाही. पाय आपोआप तिकडे वळतात.

सहाण. या शब्दावर माझा फार जीव आहे. घरात सहाण म्हणजे चंदन उगाळायचा दगड: गोल, सपाट, खोड फिरवून फिरवून मधे किंचित खोलगट झालेला. गावात सहाण म्हणजे पालखी बसायची जागा. कुठं जांभ्याच्या चिऱ्यांचा हातभर उंच कट्टा, कुठं सारवलेली सपाटी, शेजारी एखादा जुना वृक्ष, हल्ली वर पत्र्याची शेड. आगोरा, फोरम, पियाझा या शब्दांवर ग्रंथ निघाले. सहाणेवर फार तर वार्ताहराची चार ओळींची बातमी येते. पण काम तेच. गाव एका जागी येतं, नवस बोलतं, फेडतं, ओट्या भरतं, भांडतं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला "कवा आलास?" विचारतं आणि त्याच्या पोराची उंची मनातल्या मनात मोजतं.

फाल्गुनच का? कारण फाल्गुनात कोकणाकडे जागा असते आणि वेळही. भात कधीच घरात आलेलं, मळ्या रिकाम्या, जमीन कडक, पाऊस तीन महिने लांब, आंबा अजून कैरीत. आषाढात कुणी हजार माणसं उघड्यावर जमवून दाखवावीत. या प्रदेशात मोकळी जागा हीसुद्धा हंगामी असते, काजूसारखी.

माझ्या मामाच्या गावची सहाण मला सगळ्यांत जास्त माहीत आहे, म्हणून तिचंच सांगतो. पालखीला रूपं लागलेली, म्हणजे देवांचे मुखवटे चढवलेले, त्यावर साडीचोळी, अबोलीचे वळेसर. गुरवानं गाऱ्हाणं घातलं की ढोलाची चाल बदलते आणि पालखी नाचायला लागते. पुढे-मागे, मग खाली, जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत, मग झपकन वर. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मामाला विचारलं होतं, "मामा, पालखी आपोआप नाचते की माणसं नाचवतात?" मामा म्हणाला, "खांदा दे, मग कळेल." खांदा द्यायला पुढं दहा वर्षं जावी लागली. कळलं का? कळलंही, आणि नाहीही.

खांद्यावर दांडा आला की पहिली गोष्ट होते ती ही, की आपला तोल आपला राहत नाही. पुढच्यानं गुडघा वाकवला की ते माझ्या खांद्याला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. मी सावरतो, ते सावरणं दांड्यातून त्याला पोचतं, तो ते आपल्या अंगानं पुढं नेतो. कुणीच ठरवत नाही आणि पालखी डावीकडे जाते. शपथेवर सांगतो, मी तिला ढकललं नव्हतं. दुसऱ्यालाही विचारलंत तर तोही हेच सांगेल आणि दोघेही खरं बोलत असू.

१८५३ साली मायकेल फॅरडेला, वीज आणि चुंबक यांचं गणगोत शोधणाऱ्या त्या मोठ्या शास्त्रज्ञाला, अशाच एका कोड्यानं पछाडलं. लंडनमध्ये तेव्हा टेबल फिरवण्याचं खूळ होतं. चार माणसं टेबलावर हात ठेवून बसायची आणि टेबल सरकायचं. आत्मे सरकवतात असं लोक म्हणत. फॅरडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर घातले, मऊ चिकट पदार्थानं एकमेकांना जोडलेले, म्हणजे आधी कोण सरकलं ते थरांच्या सरकण्यावरून कळावं. हात आधी सरकले होते. माणसं खोटं बोलत नव्हती. आपण ढकलतोय हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मग त्यानं हाताची हालचाल दाखवणारा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला, आणि टेबल सरकायचं थांबलं.

हे मी एकदा मामाला सांगितलं. पुरलेला नारळ पालखी नेमका कसा शोधून काढते, त्या खुणा काढण्याचाही उलगडा यातूनच होत असेल, असं जरा ऐटीतच म्हणालो. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तुझा साहेब म्हणतो, सगळ्यांच्या मनातलं एकत्र होतं आणि पालखी चालते?" हो, साधारण तसंच. "मग आमी काय येगळं बोलतो?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

आता गर्दीकडे बघा. पालखी नाचायला लागली की लोक मागं सरतात आणि जागेचा आकार बदलतो. जमीन वेडीवाकडी असो, शेजारी भिंत असो, विहीर असो; माणसांचं कडं गोलच होतं. कुणी खडूनं रेघ मारलेली नसते. प्रत्येकाला पालखी जवळून बघायची असते आणि प्रत्येकाला तिचा दांडा डोक्यात बसायला नको असतो. या ओढीतून आणि भीतीतून जे अंतर निघतं ते सगळ्यांचं सारखंच, आणि मध्यापासून सारख्या अंतरावर उभे राहिलेले लोक म्हणजे वर्तुळ. चार कोपऱ्यांचा चौक ही बांधणाऱ्याची सोय असावी. माणसं जमतात ती गोलात. आळीपाळीनं वाढलेल्या गावात एवढा नेटका गोल वर्षातून एकदा आपोआप उमटतो आणि ढोल थांबला की विरतो, याचं मला अजून नवल वाटतं.

इटलीतल्या सिएना गावचा प्रकार ऐकून बघा, ओळखीचं वाटेल. तिथला पियाझा देल काम्पो जगातल्या देखण्या चौकांत गणला जातो: शिंपल्यासारखा उतरता, विटांची फरशी, तिचे नऊ भाग. वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्टला, या चौकाच्या कडेनं माती पसरून घोड्यांची शर्यत लावतात. गावच्या सतरा वस्त्या, त्यांतल्या दहांचे घोडे एका वेळी पळतात. शर्यतीआधी प्रत्येक वस्ती आपला घोडा आपल्या प्रार्थनामंदिरात नेऊन आशीर्वाद घेते. निशाणं, ढोल, मान, जुनी वैरं, सगळं आलं. सतरा वस्त्यांच्या जागी बारा वाड्या घाला, घोड्याच्या जागी पालखी. फरक एवढाच, की सिएनाकरांनी आधी चौक बांधला आणि मग त्यावर माती टाकली; आपल्याकडे माती आधीपासूनच होती.

इथवर मी सहाणेचं गोडगोड वर्णन केलं. आता जिथं बोचतं तिथं येतो. 'मान' हा शब्द मघाशी सहज लिहून गेलो. सहाणेवर पहिला खांदा कुणाचा, निशाण कुणाचं, ढोल कुणी वाजवायचा, नारळ कुणी फोडायचा, हे सगळं मानानं ठरलेलं. आणि मानाच्या यादीची दुसरी बाजू म्हणजे लांब उभं राहायची यादी. ते सुंदर वर्तुळ गोल असलं, तरी त्याच्या बाहेर आणखी एक रिंगण होतं आणि त्यातल्या लोकांना आत यायची मुभा नव्हती. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचं. हा शब्द आपण वापरला खूप, पाळला कमी.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. हा लेख लिहिताना सहज म्हणून मी त्या वर्षाची तिथी मांडून पाहिली. फाल्गुन पौर्णिमा १८ मार्चला होती. म्हणजे चवदार तळ्याचा सत्याग्रह शिमग्याच्या त्या पाच दिवसांतच झाला. कोकणात गावोगाव देव पालखीत बसून लोकांकडे निघालेले असताना महाडात लोक पाण्याकडे निघाले होते. तिथी बघून दिवस ठरवला होता असं मी म्हणत नाही. पण अंगावर काटा आला हे खरं.

रत्नागिरीतही त्याच दशकात ही घुसळण चालू होती. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथं स्थानबद्ध होते. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही या अटीवर. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्यापाशी, पण या तेरा वर्षांत त्यांनी गावातल्या स्पृश्यास्पृश्यतेला नेटानं हात घातला. जुन्या देवळांची दारं सहजी उघडेनात. तेव्हा भागोजीशेठ कीर पुढं आले. रत्नागिरीत जन्मलेले, गरिबीतून मुंबईत जाऊन बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेले भंडारी समाजातले दानशूर. त्यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी लक्ष्मी-नारायणाची प्रतिष्ठापना झाली. जातीची अट न घालता सगळ्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ, आणि त्याच्या आवारात सहभोजनं. त्या दिवसाची तिथीही मी पाहिली. फाल्गुन शुद्ध पंचमी. कोकणात तिला फाक पंचमी म्हणतात. शिमग्याचा आरंभ तिथून होतो.

जुनं दार उघडत नाही म्हणून नवं देऊळ बांधावं लागलं, याचं कौतुक करावं की लाज वाटावी, हे मला नीट ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही. पण गावाच्या मोकळ्या जागेचा इतिहास लिहायचा तर त्या आवारातल्या पंगतीला मी फार वरची जागा देईन. मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांची एक सरळ ओळ. आळीच म्हणा ना.

रंगपंचमीच्या रात्री पालखी सहाणेवरून उठते. मामाच्या गावी आम्ही पोरं हे बघायला जागायचो आणि नेमकं शेवटच्या क्षणी झोप लागायची. सकाळी बघावं तर सहाण रिकामी. वाकडा झालेला मांडवाचा एक वासा, नारळाच्या करवंट्या, उन्हाला आडवं पडलेलं कुत्रं. दुपारपर्यंत कुणीतरी तिथं मोटारसायकल उभी केलेली असायची आणि कुणी कोकमं वाळत घालायच्या विचारात असायचं. गुलाल तेवढा चिऱ्यांच्या भोकांत जाऊन बसलेला. झाडून निघत नाही तो, धुऊनही नाही. मृगाच्या पहिल्या सरीला सहाणेवरून लाल पाण्याचा ओघळ वाहायला लागायचा आणि आम्ही ओरडायचो, "गुलाल सुटला, गुलाल सुटला!" मामा पडवीतून हसायचा. जांभ्यावरून येणारं पाणी तसंही लालच असतं.